क्वार्टरबॅकची ‘कारकीर्द’ की ‘उमेदवारी’? (शब्दचर्चा)

टाकसाळ

एका दिवाळी अंकासाठी कर्ट वॉर्नर या अमेरिकन फुटबॉलपटूवर लेख लिहिते आहे. माणूस क्वार्टरबॅक. १९९४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमध्ये, एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सनी सराव शिबिराला बोलावलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच घरी पाठवलं. मग किराणा दुकानात रात्रपाळी, बंदिस्त सभागृहातली लीग, एक वसंत ऋतू ॲमस्टरडॅममध्ये आणि अठ्ठाविसाव्या वर्षी एकदम एनएफएलचा, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा, त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. गोष्ट चांगली आहे, अडलंय शब्दांपाशी. क्वार्टरबॅकला काय म्हणायचं? ‘बॅकअप’ला काय? संघाने ‘कट’ केलं हे कसं लिहायचं? ‘जर्नीमन’ला शब्द आहे का? आणि या सगळ्या वर्षांना मिळून ‘कारकीर्द’ म्हणता येईल का? ‘करिअर’ चालणार नाही, असं संपादकांनी आधीच बजावलंय.

मूढमती

क्वार्टर म्हणजे पाव. पाववाला. पहिला शब्द झाला, पुढचा बोला.

खोडरबर

हसण्यावारी नेलंत, पण पाव बरोबरच आहे. हा खेळ रग्बीतून निघाला. १८८०मध्ये वॉल्टर कॅम्पच्या पुढाकाराने रग्बीतली झोंबाझोंबी काढून चेंडू रांगेतून मागे देण्याची पद्धत आली. रांगेच्या मागे उभ्या राहणाऱ्यांना अंतरावरून नावं पडली: सगळ्यात मागचा फुलबॅक, अर्ध्या वाटेवरचा हाफबॅक, रांगेला जवळजवळ चिकटून उभा तो क्वार्टरबॅक. म्हणजे इथल्या ‘बॅक’चा अर्थ फक्त ‘रांगेच्या मागचा’.

आपल्या वर्तमानपत्रांना सॉकरची सवय असल्यामुळे ‘बॅक’ दिसला की हात आपोआप ‘बचावपटू’ किंवा ‘रक्षक’ लिहितो. इथे तसं केलं तर नेमका उलटा अर्थ होईल. क्वार्टरबॅक आक्रमण चालवतो. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की तो बाकावर जाऊन बसतो आणि बचावाचे अकरा वेगळेच गडी मैदानात येतात.

दवात

मग ‘सूत्रधार’ का नको? डाव तोच सांगतो, चेंडू आधी त्याच्याच हातात येतो.

जुनं क्रीडापान

‘सूत्रधार’ वर्णन म्हणून वापरा, नाव म्हणून नको. सूत्रधार बॉम्बस्फोट प्रकरणातही असतो. मी अनेक वर्षं क्रीडा पानावर बातम्या लावल्या आहेत. अनुभव असा की खेळातल्या जागांची नावं जशीच्या तशी ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखाला एक स्वच्छ वाक्य द्यावं. गुगली, यॉर्कर कुणी भाषांतरित केले? कबड्डीत ‘चढाई’ आणि ‘पकड’ आहेत, कारण खेळच आपला.

वाक्य साधारण असं घ्या: ‘क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा डाव सांगणारा, रांगेतून मागे आलेला चेंडू हातात घेऊन तो पुढे फेकणारा किंवा सहकाऱ्याच्या हाती देणारा खेळाडू.’ पुढे फेकण्याची परवानगी १९०६ला मिळाली, त्यानंतरच या जागेला आजचं वजन यायला लागलं. हे लेखात आलं तर वाचकाला गंमत वाटेल, पण सक्ती नाही.

टाकसाळ

क्वार्टरबॅक तसाच ठेवते. पण ‘बॅकअप’? मी ‘बदली क्वार्टरबॅक’ लिहिलंय.

आयोवाकर

‘बदली’ नको. मी आयोवा राज्यात डे मॉइनला राहतो, इथे वॉर्नर म्हणजे घरचा माणूस, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या खेळात बाकीच्या जागांवर माणसं आलटून पालटून येतात. धावणारे बदलतात, पकडणारे बदलतात. क्वार्टरबॅक मात्र सहसा बदलत नाहीत. पहिल्या पसंतीचा धडधाकट आहे आणि बरा खेळतोय तोवर दुसऱ्याने कानाला यंत्र लावून, हातात कागदाची पाटी घेऊन कडेला उभं राहायचं. अख्खा मोसम असा जाऊ शकतो. क्रिकेटमधला बदली खेळाडू निदान क्षेत्ररक्षणाला तरी येतो. म्हणून ‘राखीव’ म्हणा.

आता वॉर्नरचं बघा. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठातसुद्धा तो शेवटच्या वर्षापर्यंत राखीवच होता. १९९८ला सेंट लुईस रॅम्सकडे आला तो तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून. पुढच्या वर्षी क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ नव्याने उभा राहत होता, त्याला इतर संघांतून खेळाडू निवडायची मुभा होती. रॅम्सनी वॉर्नरचं नाव त्या यादीत टाकून दिलं. ब्राउन्सनी घेतलं नाही! ऑगस्ट १९९९मध्ये हंगामपूर्व सामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडले आणि तशातच म्हणाले की आम्ही वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं खेळू.

आता शब्दाचा मुद्दा. ग्रीन जायबंदी झाला तो सराव सामन्यात. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या सामन्यात वॉर्नर कुणाच्या बदली आला नव्हता, तोच पहिल्या पसंतीचा होता. म्हणजे ‘राखीव’वरून थेट ‘मुख्य’. ‘बदली’ या शब्दाला मधे जागाच नाही.

दवात

कानाला यंत्र आणि हातात पाटी. चांगली नोकरी आहे की!

आयोवाकर

दिसते तशी. आठवडाभर तो प्रत्येक डाव मुख्य क्वार्टरबॅकइतकाच पाठ करतो, फक्त रविवारी काही करत नाही.

टाकसाळ

‘राखीव’ पटलं. आता ‘कट’. पॅकर्सनी त्याला ‘डच्चू दिला’ की ‘नारळ दिला’? माझ्याकडे दोन्ही लिहिलंय आणि दोन्ही डोळ्यांना खुपतंय.

खोडरबर

खुपतंय कारण दोन्हींत फरक आहे.

‘डच्चू’ निवडीतला. कसोटी संघातून डच्चू मिळतो, पण माणूस रणजी खेळत राहतो, पुढच्या मालिकेला परत येऊ शकतो. त्याचा करार, त्याची नोकरी शाबूत असते. ‘नारळ’ म्हणजे संबंधच संपला. नोकरीवरून काढणं, पण वरून निरोपाचं सोंग. म्हणून पॅकर्सनी १९९४ला दिला तो नारळ. तिथे ब्रेट फार्व्हसारखा क्वार्टरबॅक ठाण मांडून होता, या पोराला जागा मिळणं कठीणच होतं.

रॅम्सकडचं नंतरचं प्रकरण दोन्हींना धरून आहे. २००३च्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याच्या हातून सहा वेळा चेंडू निसटला आणि पुढच्या सामन्यापासून मार्क बल्जर खेळायला लागला. हा डच्चू. संघात होता, पाटी धरून उभा होता. २००४च्या उन्हाळ्यात करारातून मोकळं केलं. हा नारळ. एका वाक्यात दोन्ही आले तर वाचकाला नऊ महिन्यांतला फरक न सांगता कळेल.

जुनं क्रीडापान

खोडरबरकाकांशी सहमत. एक सावधगिरी: ‘हकालपट्टी’ लिहू नका. हकालपट्टीत आरोपाचा वास येतो.

टाकसाळ

आता मोठा प्रश्न. १९९४ ते १९९८ या काळाला मी ‘कारकिर्दीची सुरुवात’ म्हटलं आहे. संपादक म्हणतात, दुकानात डबे रचत होता ती कसली कारकीर्द?

खोडरबर

संपादकांचं नाक तिखट आहे. ‘कारकीर्द’ फारसीतून आलेला. जुन्या मराठीत त्याचा मुख्य अर्थ अंमल, राज्यकारभाराचा काळ. माधवराव पेशव्यांची कारकीर्द, अमुक आयुक्तांची कारकीर्द. ‘करिअर’ची छटा नंतर चिकटली. आज ‘गायनाची कारकीर्द’ कुणालाही खटकत नाही, तो अर्थ रूढ आहे, चूक नाही. पण शब्दाच्या तळाशी अजून अधिकार आहे. नुकत्या लागलेल्या कारकुनाची ‘कारकीर्द’ म्हटली की थट्टा वाटते ती म्हणूनच.

आणि क्वार्टरबॅकला हा जुना अर्थ इतर खेळाडूंपेक्षा जास्त शोभतो, कारण वर आयोवाकरांनी सांगितलं तसं ती जागा एकाच माणसाची. ‘ग्रीननंतर वॉर्नरची कारकीर्द सुरू झाली’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी बरोबर आहे. १९९९च्या सप्टेंबरच्या आधी मात्र ती सुरू झालेली नाही.

दवात

मग आधीची पाच वर्षं कुठे घालायची? ‘संघर्षाचा काळ’ म्हणालात तर मी ही चर्चा सोडून जाईन.

खोडरबर

‘उमेदवारी’.

पूर्वी कचेरीत, पेढीवर, वकिलाकडे माणूस उमेदवार म्हणून राहायचा. पगार नाही किंवा नाममात्र. काम शिकायचं, पडेल ते करायचं आणि जागा रिकामी होण्याची वाट बघायची. उमेद, म्हणजे आशा, यावरच दिवस काढायचे. वॉर्नरला दुसरा शब्द लावून दाखवा.

मूढमती

उमेदवारी म्हटलं की आजच्या वाचकाला तिकीट आणि अनामत रक्कम आठवते. वॉर्नर कुठल्या पक्षाकडून उभा होता, असं विचारतील.

खोडरबर

क्रियापद बघा. निवडणुकीत उमेदवारी ‘मिळते’, ‘जाहीर होते’, अर्ज ‘भरला’ जातो. शिकाऊपणाची उमेदवारी माणूस ‘करतो’. ‘त्याने आयोवात तीन वर्षं उमेदवारी केली’ यात निवडणूक कुणाला दिसणार नाही.

आयोवाकर

वा! तर त्या उमेदवारीचा तपशील घ्या, लेखाला उपयोगी पडेल. सीडर फॉल्सला हाय-व्ही नावाचं किराण्याचं दुकान आहे, त्या साखळीची दुकानं आमच्याकडे गावोगाव आहेत. तिथे तो रात्री फळ्यांवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलर. दिवसा विद्यापीठात प्रशिक्षकांच्या हाताखाली मदतनीस. १९९५पासून तीन मोसम आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. ते मैदान पन्नास यार्डांचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं, बाजूला आऊटची रेघ नाही, गाद्या लावलेल्या भिंती. संघात अकराऐवजी आठ माणसं. जागा कमी, त्यामुळे चेंडू हातात आला की विचार करायला वेळच नाही. पुढे एनएफएलमध्ये तो इतक्या झटपट चेंडू सोडायचा त्याचं मूळ अनेकजण इथेच शोधतात. मलाही ते पटतं.

मधे शिकागो बेअर्सनी चाचणीला बोलावलं होतं, पण मधुचंद्राला गेला असताना फेकायच्या हातालाच कोपरापाशी काहीतरी चावलं. कोळी असावा, असं तो सांगतो. हात सुजला, चाचणी हुकली.

दवात

कोळ्यासाठी शब्द आहेच. पुढे चला.

टाकसाळ

उमेदवारी घेतली, संपादकही खूश होतील. राहिला ‘जर्नीमन’. ‘भटक्या’ लिहू की ‘फिरस्ता’?

जुनं क्रीडापान

‘भटक्या’ला मराठीत जमातींचा, शासकीय यादीचा संदर्भ आहे, टाळा. ‘फिरस्ता’ प्रवासी, त्यात हौस आहे. मूळ शब्द प्रवासाचा नाहीच. फ्रेंचमधल्या ‘दिवस’वरून आला: रोजावर काम करणारा कसबी कारागीर. शिकाऊ नाही, उस्तादही नाही, मधला. खेळात अर्थ झाला तो ‘कामाला चोख, पण तारा नव्हे, गरज पडेल त्या संघात जाणारा’.

खोडरबर

‘बारा गावचं पाणी प्यालेला’?

जुनं क्रीडापान

त्यात बेरकेपणा येतो. रायन फिट्झपॅट्रिकला एकवेळ चालेल. हार्वर्डचा पदवीधर, २००५च्या ड्राफ्टमध्ये २५०वा आणि नऊ वेगवेगळ्या संघांकडून मैदानात उतरला. नऊ गावचं पाणी तर नक्कीच. पण मुळात वॉर्नरला जर्नीमन म्हणावं का, हाच प्रश्न आहे. रॅम्स १९९८ला सोळापैकी चार सामने जिंकले होते, १९९९ला तेरा. त्या मोसमात याने ४,३५३ यार्ड फेकले, ४१ टचडाऊन पास दिले (टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं). ३० जानेवारी २०००ला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टेनेसी टायटन्सविरुद्ध ४१४ यार्ड, तेव्हाचा विक्रम. २००१ला पुन्हा मोसमाचा सर्वोत्तम. याला रोजावरचा कारागीर कसं म्हणणार?

आयोवाकर

मधल्या वर्षांपुरतं म्हणता येईल. २००४ला जायंट्सनी त्याला घेतलं ते ईलाय मॅनिंग तयार होईपर्यंत. नऊ सामन्यांत मुख्य म्हणून उतरला, पाच जिंकले, तरी बाजूला झाला. २००५ला ॲरिझोना कार्डिनल्स. तिथेही पुढच्या वर्षी मॅट लाइनार्टला पहिल्याच फेरीत आणलं. म्हणजे पस्तिशीला परत राखीव. २००८च्या मोसमात जागा परत मिळवली आणि त्या कधीही सुपर बोलला न पोचलेल्या संघाला तिथे नेलं.

टाकसाळ

म्हणजे उमेदवारी, कारकीर्द, मग परत उमेदवारी, परत कारकीर्द. ‘जर्नीमन’ गाळते. २०१७च्या हॉल ऑफ फेमवाल्याला तो शब्द नकोच. शेवटची दोन किरकोळ. टचडाऊन तो की ते? आणि ‘इंटरसेप्शन’चं काय करू? २००९च्या सुपर बोलमध्ये मध्यंतराच्या तोंडावर वॉर्नर गोलरेषेपाशी होता, पास टाकला, तो पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनने मधेच घेतला आणि शंभर यार्ड पळत जाऊन दुसऱ्या टोकाला टचडाऊन. सामना २७-२३ गेला. हा प्रसंग नीट उतरायला हवा.

खोडरबर

गोल ‘तो’, म्हणून टचडाऊनही ‘तो’. सुपर बोल ‘तो’. इंटरसेप्शन स्टेशन-ऑपरेशनच्या चालीने ‘ते’. पण गोष्ट सांगताना नामाऐवजी क्रियापद घ्या. ‘झेलला’ नको, आपला सहकारीही झेलतोच. ‘अडवला’ अपुरं, अडवलेला चेंडू खाली पडतो. ‘हॅरिसनने पास मधल्या मधे लांबवला.’

मूढमती

लांबवला म्हणजे चोरला की लांब केला?

खोडरबर

शंभर यार्ड नेला ना. दोन्ही.