मदत हवी: अंबरचे मणी अस्सल की कोपल (कोवळी राळ)? लेसरची टेस्ट कोल्हापुरात होईल का?

मंडळी, आमचं हुपरीला चांदीचं काम आहे. कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून अंबरचे, म्हणजे लाखो वर्षं जुन्या कडक झालेल्या राळेचे, मणी आलेत, 'बाल्टिक माल' (बाल्टिक समुद्राकाठचा) म्हणून. गिऱ्हाइकाला पावतीवर 'अस्सल अंबर' असं लिहून हवंय, तिथं घोडं अडलंय.

घरच्या टेस्ट उरकल्यात. मिठाच्या दाट पाण्यात सगळे मणी तरंगले, म्हणजे बेकेलाइट (जुन्या धाटणीचं प्लास्टिक) बाद, ते बुडतं. पण पॉलिस्टायरीन प्लास्टिकही तरंगतं आणि कोपलही. तापवलेली सुई एका मण्याच्या भोकात आतून टेकवली, तर धुपाटण्यात राळ टाकल्यासारखा वास आला. म्हणजे प्लास्टिक नसावं. पण कोपलही राळच की, फक्त वयानं कोवळी!

रामन स्पेक्ट्रोस्कोपीनं (लेसर टाकून परत येणाऱ्या उजेडाचा आलेख काढतात ती टेस्ट) मणी न फोडता कळतं म्हणे. खरं का? शिवाजी विद्यापीठात बाहेरच्या माणसाचा नमुना घेतात का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
कळतं, दादा. मण्याला धक्का लागत नाही. ताज्या राळेत कार्बनचे दुहेरी बंध भरपूर असतात, लाखो वर्षांत ते कमी होत जातात. त्यामुळे आलेखात (आकडे सेमी⁻¹ मध्ये) १६४५ च्या आसपासचा सुळका १४५० च्या सुळक्यापेक्षा बराच उंच असेल तर कोपलचा संशय धरा. अंबरात तो खाली बसलेला असतो. १००० जवळ टोकदार सुळका दिसला तर पॉलिस्टायरीन.

यंत्र कुठलं ते आधी विचारा. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरखाली अंबर स्वतःच इतकं चमकतं की सुळके त्यात बुडून जातात. १०६४ नॅनोमीटरच्या लेसरचं एफटी-रामन (रामन यंत्राचाच एक प्रकार) असेल तर उत्तम.

तोवर भोकाजवळ ॲसिटोनचा थेंब टाकून बघा, कोपल चिकट होतं. आणि चुरा दाबून केलेला मणी रामनमध्येही अंबरच दिसणार, तेव्हा तो भिंगाखालीच तपासा. 'बाल्टिक' ठरवायला मात्र इन्फ्रारेडची टेस्ट लागते: तिच्या आलेखात ११५० ते १२५० मधला सपाट खांदा बघतात. तो कागद हातात नसेल तर पावतीवर नुसतं 'अंबर' लिहा.

धागाकर्ता:
लई उपकार! ॲसिटोन आजच बघतो. पण पावतीवरनं 'बाल्टिक' काढलं तर व्यापाऱ्याला भाव उतरवायला लावणार, सोडत नाही.