मुताऱ्यांचा वास आणि फिनाईल
फिनाईल दुप्पट केलं की शाळेतल्या मुलांच्या मुताऱ्यांचा वास जाईल, असं काहीजण म्हणतात; ते पटलं नाही. त्याने वास तासभर झाकला जातो, इतकंच. दुखणं जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भागात असतं. लघवीतल्या क्षारांचा पिवळट, खरबरीत थर तिथे साचतो आणि वास धरून ठेवतो. शाळा सुटल्यावर लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून ओता, सकाळी ब्रशने घासून बादलीभर पाणी सोडा. त्यात ब्लीचिंग पावडर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो.

लांब सुट्टीनंतरच्या वासाचं कारण वेगळं. ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वायू सरळ वर येतो. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन-दोन तांबे पाणी ओता. कोपऱ्यातली फरशीची जाळीही, कारण तीच नेमकी विसरली जाते.