चुंबक चिकटले म्हणजे अशनीच असे नव्हे
सापडलेल्या एका काळ्या, जड तुकड्याची छायाचित्रे देऊन, त्याला लोहचुंबक चिकटते म्हणून तो अशनीच (अवकाशातून पडलेला दगड) असावा, असा निष्कर्ष एकाने काढला आहे; तो मला घाईचा वाटतो, कारण मॅग्नेटाइट या लोहखनिजालाही चुंबक तितक्याच जोराने चिकटते. चिनी मातीच्या फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर तुकडा दाबून ओढून पाहावा. काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइटची, तांबूस तपकिरी उमटली तर हेमॅटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची शक्यता अधिक, आणि अशनी सहसा ठळक रेघ सोडत नाही. मात्र दुसऱ्या छायाचित्रात मोडलेल्या कडेला मोहरीएवढी गोल छिद्रे दिसतात, जी अशनीत क्वचितच आढळतात आणि भट्टीत धातू वितळवताना उरणाऱ्या मळीत सर्रास असतात (माझा कल तिकडेच आहे). हवेतले व पाण्यात बुडवलेले वजन कळवल्यास घनताही काढता येईल. मॅग्नेटाइटची ती दर घन सेंटिमीटरला सुमारे ५.२ ग्रॅम भरते, बेसाल्टची ३ च्या आसपास.