अनुभव धागा : नमाजेत मन हजर राहावे म्हणून तुम्ही काय करता?

पाच वेळच्या नमाजांत मिळून फर्ज (अनिवार्य) रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, १७ होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, येते. इतक्या परिचयामुळे जीभ आपोआप चालते, मन मात्र भरकटू शकते. सूरह मोमिनूनच्या आरंभी यशस्वी ठरलेल्या श्रद्धावंतांची पहिली खूण नमाजेतील खुशू, म्हणजे विनम्र एकाग्रता, हीच सांगितली आहे. मसाइलचा, म्हणजे धार्मिक नियमांच्या तपशिलांचा, वाद येथे नको. स्वतःला जे उपयोगी पडले ते सविस्तर लिहावे.

रत्नागिरीची शिक्षिका
माझे शिक्षण मराठीतून झाले; अरबी मदरशात वाचायला शिकले, अर्थ पुष्कळ नंतर कळला. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील एका हदीसने, म्हणजे प्रेषितांच्या कथनाने, माझी नमाज बदलली. तीत अल्लाह म्हणतो की, मी नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात (दासात) अर्धी अर्धी वाटली आहे. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा उत्तर येते, ‘माझ्या बंद्याने माझी स्तुती केली’, आणि ‘तुझीच आम्ही भक्ती करतो, तुझ्याचकडे मदत मागतो’ या आयतीवर तो पोहोचला की, ‘माझा बंदा जे मागेल ते त्याला मिळेल’, असे वचन दिले जाते. आपण एकटे बोलत नाही, आपले ऐकले जाते आणि त्याला उत्तरही मिळते, हे मनात असले की घाई करवतच नाही. म्हणून प्रत्येक आयतीनंतर मी किंचित थांबते. फजरला (पहाटेच्या नमाजेला) हे सहज जमते. जोहरला (दुपारच्या नमाजेला), शाळेच्या मधल्या सुट्टीत, फार प्रयत्न करावा लागतो.

पुण्यात नोकरी करणारा
घाईने नमाज पढलेल्या एका माणसाला प्रेषित मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) यांनी ‘परत जा आणि नमाज पढ, कारण तू नमाज पढलाच नाहीस’ असे सांगितले होते. रुकूतून (कमरेतून वाकण्यातून) उठल्यावर पाठ पूर्ण सरळ होऊ द्यायची, दोन सजद्यांच्या (कपाळ जमिनीला टेकण्याच्या) मध्ये शांत बसायचे, एवढेच मी कसोशीने पाळतो. शरीर स्थिर झाले की मन पुष्कळदा त्याच्यामागे येते.

दोन मुलांची आई
मूल रडल्याचे ऐकून, त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून प्रेषित आपली नमाज आटोपती घेत, हे वाचून मला मोठा दिलासा मिळाला. छोट्या सूरह पढते, पण अर्थासह पढते. जी शांतता माझ्या घरात नाही तिची वाट पाहत बसत नाही.

चिपळूणचा एक निवृत्त
गुडघ्यांमुळे आता खुर्चीवर बसून नमाज पढतो. बंदा आपल्या रब्बच्या (पालनकर्त्याच्या) सर्वांत जवळ सजद्यात असतो, ही हदीस लहानपणापासून ऐकलेली असल्याने कपाळ जमिनीला टेकत नाही याचे दुःख फार झाले. आमच्या मौलानांनी समजावले की आजाऱ्याचा इशारा, म्हणजे वाकून केलेली खूण, हाच त्याचा सजदा आहे. रुकूपेक्षा सजद्यासाठी थोडे अधिक वाकतो, ‘सुब्हान रब्बियल आला’ (माझा सर्वोच्च पालनकर्ता पवित्र आहे) सावकाश म्हणतो आणि नंतर त्याच अवस्थेत दुआ मागतो.

रत्नागिरीची शिक्षिका
चाचा, माझ्या आईचे गुडघेही दुखतात. तुमचे लिहिणे आज इशाच्या (रात्रीच्या नमाजेच्या) आधी तिला वाचून दाखवते.