घरगुती आर्ट बिझनेससाठी नाव सुचवा ना

रंगवेडी: नमस्कार मंडळी, मी घरीच पणत्या, नेमप्लेट, कापडी पिशव्यांवर वारली काढून विकते, आतापर्यंत ओळखीत चाललं पण आता इन्स्टावर पेज काढायचंय आणि नावावरच गाडी अडलीये. ‘कलाछंद’ मनात होतं, शोधलं तर त्या नावाची ढीगभर पेजेस निघाली!

डोंबिवलीकर: ताई, नावात ‘वारली’ नका घालू असं मनापासून वाटतं, ती पालघरकडच्या आदिवासींची कला, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तिला, आणि उद्या तुम्ही मधुबनी सुरू केलं तर? ‘गेरू’ कसं वाटतं? सारवलेली भिंत, त्यावर गेरू, मग तांदळाच्या पिठाचं पांढरं..

कुंचला: आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर सर्च मारा, फुकट आहे. मी नाही मारला, २०० स्टिकर छापून झाल्यावर कळलं की तसंच नाव आधीच रजिस्टर आहे, सगळे रद्दीत, फार वाईट वाटलं. नंतर स्वतःचं नोंदवायचं तर एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४५०० रुपये, एका क्लासची, म्हणजे मालाच्या एका वर्गाची.

रंगवेडी: ‘गेरू’ खूपच आवडलं!! नुसतं नाही मिळालं तर ‘गेरूची भिंत’. आईला फोनवर सांगून बघितलं, एकदाच ऐकून कळलं तिला. आज रात्रीच सर्च मारते.