रोड बाइकच्या मेकॅनिकल डिस्क ब्रेकची पकड कमी झाली आहे, सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. माझ्या दीड वर्ष वापरलेल्या रोड बाइकला वायरवर चालणारे डिस्क ब्रेक असून पुढे-मागे १६० मिलिमीटरचे रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या) आहेत. कॅलिपर, म्हणजे रोटरला दोन पॅडमध्ये चिमटणारा भाग, एकतर्फी आहे; त्यात बाहेरचा पॅड सरकतो आणि आतला स्थिर राहतो. गेल्या पावसाळ्यापासून लिव्हर दाबताना रबर दाबल्यासारखे मऊ लागते. बोपदेव घाट उतरताना ती जवळजवळ हँडलला टेकते, तरी वेग हवा तितका कमी होत नाही. ॲडजस्टर फिरवून मी तीन वेळा वायर ताणली. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच होते. एका दुकानात हायड्रॉलिक ब्रेक बसवण्याचा सल्ला मिळाला, परंतु त्यासाठी लिव्हरही बदलाव्या लागतील आणि तो खर्च सध्या झेपणारा नाही. आहे त्याच ब्रेकमध्ये काय सुधारता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम वायर ताणणे थांबवा, ही कळकळीची विनंती. तुमचे पॅड झिजले असावेत आणि ती झीज तुम्ही वायरने भरून काढत आहात. वायर कॅलिपरवरच्या ज्या दांडीला जोडलेली असते, ती दांडी पूर्ण मागे असताना तिची फिरत सुरू झाली पाहिजे. वायर ताणत गेलात की दांडी आधीच अर्धी फिरलेली राहते, आणि एके दिवशी ती कॅलिपरला अडून थांबली की लिव्हर कितीही दाबा, पॅडपर्यंत जोर पोहोचत नाही. घाटाच्या उतारावर हे घडणे फार धोक्याचे आहे.

चाक काढून पॅड पाहा. धातूच्या पट्टीवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला असेल तर पॅड बदला. रोटरचीही जाडी मोजा: शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटरचा असतो आणि १.५ ला आला की तो बदलायचा असतो.

त्यानंतर वायर सोडून दांडी पूर्ण मागे जाऊ द्या आणि दांडी न हलवता, ढिलेपणा जाईल इतकीच वायर ओढून ती पुन्हा आवळा. आता स्थिर पॅडचा स्क्रू ॲलन कीने आत फिरवा. दोन पॅडमधली फट रोटरच्या जाडीहून जेमतेम जास्त राहिली पाहिजे, कारण दोन्ही पॅडची झीज इथेच भरून निघते. मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करून लिव्हर घट्ट दाबून धरा, त्याच स्थितीत बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळा आणि शेवटी स्थिर पॅड केसभर मागे घ्या. कॅलिपरपलीकडे पांढरा कागद धरून चाक फिरवले की रोटरच्या दोन्ही अंगांना उजेडाच्या दोन बारीक रेघा दिसतात; स्थिर पॅडकडची रेघ अधिक बारीक हवी. ती रुंद असेल तर लिव्हरची बरीच ओढ रोटर वाकवण्यातच खर्च होते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. त्यात आउटरची, म्हणजे वायरवरच्या बाहेरच्या आवरणाची, भर घालतो, कारण मऊपणाचे मोठे कारण बहुधा तिथेच असते. साधा ब्रेक आउटर म्हणजे वेटोळे घातलेली पोलादी पट्टी असते आणि जोर आला की ती स्प्रिंगसारखी दबते. ब्रेकसाठीच बनवलेला, उभ्या तारांचा न दबणारा आउटर घ्या. मागच्या ब्रेकचा आउटर लांब असल्याने फरक तिथे सर्वाधिक जाणवतो. गिअरचा आउटर मात्र ब्रेकला कधीही लावू नका, तो ब्रेकच्या ताणाने फाटू शकतो. कापलेले टोक कानशीने सपाट करा आणि आतली नळी सुईने मोकळी करा.

कॅलिपर बदलायची वेळ आलीच, तर दोन्ही पॅड सरकवणारा टीआरपी स्पायर पाहावा. एव्हिड बीबी७ घेणार असाल तर रोड आवृत्तीच घ्या, कारण रोडच्या लिव्हर माउंटन बाइकच्या लिव्हरपेक्षा वायर कमी ओढतात. आधी फ्रेम पोस्ट माउंटची आहे की फ्लॅट माउंटची (कॅलिपर फ्रेमला बसवण्याच्या या दोन पद्धती), हे तपासा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मागचे पॅड पत्र्यापर्यंत झिजले होते आणि दांडी कॅलिपरला टेकायला बोटभरही जागा उरली नव्हती. नवे पॅड बसवून पुढचा ब्रेक सांगितल्याप्रमाणे लावला, तर लिव्हर आता अर्ध्यातच घट्ट लागते. मागचा आउटर मागवला आहे. पावसासाठी मेटल पॅड घ्यावेत का?

प्रतिसाद १

पावसात ते जास्त टिकतात, परंतु आधी रोटरवरचा मजकूर वाचा. फक्त रेझिन (राळेने बांधलेल्या, मऊ) पॅडसाठी असे कोरलेले असेल तर मेटल पॅड लावू नका, तो रोटर लवकर झिजेल. पॅड कोणतेही असोत, ते रोटरवर नीट बसावेत म्हणून रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २५ ते ३० किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक जाम न करता, प्रत्येक ब्रेक वीसेक वेळा लावा. त्याआधी घाटात जाऊ नका.