वडलांनी दिलेला शब्द मुलांना पाळावा लागतो का?

तासगावचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी. शेजारच्या काकांची विहीर आटली तेव्हा आमच्या आण्णांनी पालीच्या खंडोबाचा भंडारा उचलून त्यांना शब्द दिला, तू जोवर हे रान कसतोयस तोवर आमच्या विहिरीवर आठवड्यातनं दोन दिवस पाण्याची पाळी तुझी. कागद काही नाही. त्या शब्दावर काकांनी स्वतःच्या पैशानं आमच्या बांधातनं पाइपलाइन पुरली, द्राक्षबाग लावली. आता आण्णा गेले आणि धाकटा भाऊ म्हणतोय शब्द आण्णांचा होता आपला नाही, एप्रिल छाटणीनंतर आपल्याच बागेला पाणी पुरंना. काय करावं?

कोर्टकचेरी_सातारा:
1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो, पण बदल्यात काहीच घेतलेलं नसेल तर नुसतं वचन सहसा टिकत नाही. तुमच्या केसमध्ये मात्र 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 60 बघा. आपल्या जागेत दिलेली परवानगी मालकाला एरवी मागे घेता येते, पण तिच्यावर विसंबून समोरच्यानं स्वखर्चानं कायमचं काम केलं असेल तर घेता येत नाही. वारसांना हे कसं लागू होतं त्यावर वाद होऊ शकतो, वकिलाला पाइपलाइन दाखवाच.

म्हसवडकर:
कायदा असू दे बाळ. 72 च्या दुष्काळात मी पोरगा होतो, पाणी देतो म्हणलेला माणूस फिरला की समोरच्याचं काय होतं ते बघितलंय. आण्णांचे शब्द नीट वाच. "मी आहे तोवर" असं ते म्हणलेच नाहीत, "तू कसतोयस तोवर" म्हणले. मुदत काकांच्या कसण्याला बांधली, स्वतःच्या आयुष्याला नाही. उद्या काकांनी रान विकलं तर शब्द संपला, त्याआधी नाही.

वाईची_लेक:
मला थोडं वेगळं वाटतं, भंडारा भावानं उचललेला नाही. रामाचं उदाहरण सगळे देतात पण रामानं दशरथाचा शब्द स्वतःहून अंगावर घेतला, आणि त्याच शब्दानं राज्य मिळत असताना भरतानं ते नाकारलं, त्याला कुणी वचनभंग म्हणलं नाही. त्यामुळं आण्णांचं नाव घेऊन भावावर दडपण आणू नका. पण एक दिवस गुपचूप मोटर बंद करायची हे मात्र अजिबात नको. पाळायचा नसेल तर दोघांनी काकांच्या घरी जाऊन तोंडावर सांगा आणि दुसरी सोय करायला वेळ द्या, उभी बाग कुणाला उचलून नेता येत नाही. पाळायचा असेल तर तुमचा म्हणून नव्यानं द्या, पाणी कमी असेल तर दिवसांऐवजी तास ठरवा.

तासगावचा_बागायतदार:
म्हसवडकर काका, "कसतोयस तोवर" हे इतक्या वेळा बोललोय पण तसं कधी ध्यानातच आलं नव्हतं. भावाला सगळं वाचून दाखवलं, तो गप्प बसला मग म्हणला ठिबक करू आणि काकांचे तास कागदावर लिहू. पण कागद म्हणलं की काकांना वाईट वाटेल का, आण्णांनी कधी मागितला नव्हता?

म्हसवडकर:
नाही वाटणार, कागद त्यांच्याच बाजूचा आहे. साक्षीला त्यांच्या थोरल्या पोराला बसवा.